दाखवायला आणलेला जिताडा

१९८६ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट आहे. कुलाबा जिल्ह्याचा रायगड जिल्हा होऊन पाच वर्षं उलटली होती, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून कुलाबाच होता. मी तेव्हा २६ वर्षांचा. बँकेत अधिकारी म्हणून लागून दोन वर्षं झालेली आणि अलिबाग तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या शाखेत नुकताच रुजू झालेलो. शेतीची आणि मच्छीमारीची कर्जं माझ्या टेबलावर. मी मूळचा कऱ्हाडकडचा. मासा म्हटला की मला कृष्णेतला मरळ आठवायचा. समुद्र पाहिला होता तो शाळेच्या सहलीत. पण सरकारी योजनांची परिपत्रकं मला तोंडपाठ होती, आणि त्या वयात तेवढं पुरेसं आहे असं वाटतं.

एका शनिवारी अर्ध्या दिवसानं बँक सुटली. संध्याकाळी मी भाड्याच्या खोलीच्या ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. घरमालक मास्तर झोपाळ्यावर. अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. पस्तिशीचा, काळासावळा, अंगात बंडी, हातात ओलं गोणपाट. चार दिवसांपूर्वी त्यानं होडीला इंजिन बसवण्यासाठी १२ हजार रुपयांच्या कर्जाचा अर्ज दिला होता. काही न बोलता त्यानं ओसरीच्या कडेला गोणपाट उलगडलं.

आत मासा होता. माझ्या हाताएवढा लांब. पाठ करडी-हिरवट, पोट चांदीसारखं, डोकं निमुळतं आणि डोक्यामागून पाठीला अचानक चढ आलेला. खालचा जबडा वरच्याच्या पुढं आलेला, त्यामुळे मासा मेलेला असूनही हट्टाला पेटल्यासारखा दिसत होता. मास्तरांचा झोपाळा थांबला. “जिताडा!” ते म्हणाले, ते एखाद्या पाहुण्याचं नाव घ्यावं तशा आदरानं.

आता जिताडा म्हणजे काय, हे रायगडच्या माणसाला सांगायला नको. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. पापलेट आणि सुरमई पैसे टाकले की कुठंही मिळते. जिताडा मिळवावा लागतो. नवा जावई पहिल्यांदा घरी आला की जिताडा, आणि मोठ्या साहेबाकडे काम अडलं की तेव्हाही जिताडा. कचेरीत अडकलेला कागद जिताड्याच्या पाठीवर बसून पुढं सरकतो, असं तिकडे गमतीनं म्हणत. ती गंमत मी रुजू झालो त्याच आठवड्यात ऐकली होती आणि मनाशी नोंदवून ठेवली होती. त्यामुळे गोणपाट उलगडलं त्या क्षणी मला मासा दिसलाच नाही. मला लाच दिसली.

मी उठून उभा राहिलो आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “हे उचला आणि चालू लागा. मासे घेऊन कामं करणारा अधिकारी मी नव्हे.”

तो माणूस काही वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग खाली वाकून गोणपाट गुंडाळत म्हणाला, “सायेब, यो तुला द्याला नाय आनला. यो दाखवाला आनला.”

त्या “तुला”नं माझा राग आणखी चढला. त्यांच्या बोलीत थोरामोठ्यांनाही सहज ‘तू’ म्हणतात, हे मला पुढं कळलं. तो गेला. मास्तर हळहळले, पण ते माशासाठी हळहळले असं मी समजलो. सोमवारी मी त्याच्या अर्जावर शेरा लिहिला : “उत्पन्नाचा लेखी पुरावा नाही. तारण नाही. सबब शिफारस करता येत नाही.” शाखाधिकाऱ्यांनी त्यावर सही केली, आणि जिताड्याची हकिगत त्यांच्यापर्यंत पोहोचली होती म्हणून माझी पाठही थोपटली.

हा प्रसंग मी आयुष्यभर मिरवला. बँकेच्या समारंभात सांगितला, नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात सांगितला. पुढं लिहू लागलो तेव्हा एका कादंबरीत एक अख्खं प्रकरण त्यावर लिहिलं. त्यात तरुण, निःस्पृह अधिकारी अंगणातून मासा परत पाठवतो. वाचकांची पत्रं आली. कुणी लिहिलं, असे अधिकारी आज हवे आहेत. मी ती पत्रं फाइलला लावून ठेवली.

आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये एक फोन आला. आवाज चाळिशीतला, अदबशीर. म्हणाला, “सर, तुमची कादंबरी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात मिळाली. त्यातला तो मासा आणणारा माणूस म्हणजे माझे बाबा. मी त्यांना ते प्रकरण वाचून दाखवलं.”

माझ्या घशाला कोरड पडली. “काय म्हणाले ते?”

“हसले. म्हणाले, सायबाला एकदा बोलव. जिताडा कसा मिळतो तो त्यानं बघितलाच नाय.”

निवृत्त माणसाला न जाण्याची कारणं हवी तेवढी सापडतात. मी दोन महिने ती शोधली. शेवटी मे महिन्यात, वैशाख वद्य द्वितीयेला, रेवदंड्याच्या धक्क्यावर दुपारी चारच्या सुमाराला जाऊन उभा राहिलो. तिथी त्यांनीच कळवली होती. भरतीचा हिशेब कोळ्यांच्या बोटांवर असतो : तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीचा तास मिळतो. द्वितीया म्हणजे दीड. दीड वाजता भरती, त्यापुढं सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. पाणी जोरात चढणार आणि जोरात उतरणार. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते मरगळलेलं. बँकेत ३६ वर्षं व्याजाची कोष्टकं वापरली, पण इतकं सुटसुटीत कोष्टक कधी पाहिलं नाही.

नाखवा धक्क्यावर बसून होते. पंचाहत्तरीला आलेले. बंडी तीच असावी असं वाटण्याइतकी तशीच. मी वाकून नमस्कार करायला गेलो, तर त्यांनी माझ्या हातात पाण्याचा डबा दिला. “यो सांभाल. आंत कोलंबी हाय, जिवंत. सांडू नको.” एवढंच स्वागत.

होडी त्यांच्या धाकट्या मुलाची. फायबरची, वीस फुटांची, मागं लावायचं इंजिन. आम्ही निघालो. रेवदंड्याच्या खाडीत कुंडलिका नदी समुद्राला मिळते. बाहेर पडताना उजव्या हाताला रेवदंड्याचा किल्ला, डाव्या हाताला कोर्लईचा डोंगर आणि त्यावरचा किल्ला. एके काळी दोन्ही किनारे पोर्तुगिजांच्या ताब्यात होते, आणि कोर्लई गावातली काही घरं आजही पोर्तुगिजातून आलेली बोली बोलतात. पण आमची होडी समुद्राकडे वळली नाही. मुलानं ती उलट्या दिशेला, सळावच्या पुलाकडे घातली.

“समुद्रात नाही जायचं?” मी विचारलं.

“त्यो समुद्रातला हाय पन समुद्रात रहात नाय,” नाखवा म्हणाले.

या एका वाक्यात जिताड्याचं सगळं चरित्र आहे. त्याचा जन्म खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाली येतं, तेव्हा बारीक पिल्लं भरतीबरोबर आत शिरतात : कांदळवनात, खाजणात, उघाड्यांतून भातखाचरांत. काही तर नदीत पार गोड्या पाण्यापर्यंत चढतात. तिथं ती वाढतात आणि अंडी घालायची वेळ आली की पुन्हा खाऱ्या पाण्याकडे उतरतात. खारं, मचूळ, गोडं, तिन्ही पाण्यांत ज्याचं घर आहे असे मासे थोडे. म्हणून त्याचा मुलूखही मोठा. इराणच्या आखातापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत तो आहे. गोव्यात त्याला चोणक म्हणतात. बंगालात तो भेटकी होतो आणि केळीच्या पानात मोहरी लावून शिजतो. ऑस्ट्रेलियात तो बारामुंडी. हे नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, अर्थ मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा. शास्त्रज्ञांनी १७९०मध्येच त्याला लॅटिन नाव देऊन टाकलं. इंग्रज त्याला सी बास म्हणाले.

पुलाच्या खांबांपासून थोड्या अंतरावर मुलानं इंजिन बंद केलं आणि नांगर सोडला. पाणी उतरायला लागून बराच वेळ झाला होता. खांबाला आपटून ते दोन्ही बाजूंनी वेगानं सरकत होतं आणि खांबाच्या मागं मात्र एक शांत, काळसर पट्टा तयार झाला होता. नाखव्यांनी त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. “थंय त्याचा घर.”

मुलानं मला समजावून सांगितलं. जिताडा भक्ष्याचा पाठलाग करत नाही. तो दबा धरतो. ओहोटीचं पाणी कांदळवनातून बाहेर पडताना कोळंबी आणि बोयटांची पिल्लं घेऊन येतं. जिताडा खांबाच्या किंवा खडकाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. घास समोरून गेला की एकदम तोंड उघडतो. त्या झटक्यानं पाण्याबरोबर घास आत ओढला जातो, आणि तोंड मिटताना ‘टप्’ असा आवाज येतो. रात्री शांत खाडीत हा आवाज बराच लांबवर ऐकू येतो. “आमच्याकडे आलेले मुंबईचे लोक लांब काठ्या आणि रिळं घेऊन येतात,” तो म्हणाला. “पण बाबा अजून हातानंच गरवतात.”

गरवणं म्हणजे गरीनं, गळानं मासा धरणं. नाखव्यांनी एका लाकडी फळीवर गुंडाळलेला जाड तंगूस काढला. तंगूस म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोर. त्याला शिसं, शिशाच्या खाली हातभर अंतरावर गरी. डब्यातून एक कोळंबी अलगद उचलून त्यांनी तिच्या शेपटीच्या जवळून गरी अशी नेली की ती पाण्यात पोहत राहील. मग खांबाच्या वरच्या अंगाला दोर फेकला आणि प्रवाहाला तो शांत पट्ट्याच्या कडेपर्यंत नेऊ दिला. दुसरा दोर त्यांनी माझ्या हातात दिला.

“बोटावर ठेव. हाताला गुंडालू नको. आन त्यानं वढला तर आदी दोर दे. मंग घे.”

मी मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

वाट पाहणं सुरू झालं. सूर्य कोर्लईच्या डोंगरामागं उतरत होता. मनात एकच घोळत होतं, की बोलावं. माफी मागायला आलो होतो आणि तीन तासांत हवापाण्यापलीकडे गेलो नव्हतो. शेवटी घसा साफ करून सुरुवात केली, “नाखवा, त्या वेळी मी...”

“बोलू नको,” ते कुजबुजले. “त्याला कलतं.”

माशाला माझी माफी ऐकू जाते की काय, असं वाटून मी गप्प बसलो. तसं त्यात तथ्यही आहे. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक बारीक रेघ असते, तिच्यातून त्याला पाण्यातली लहानशी थरथरही कळते. होडीत पाय आपटला तरी खाली वर्दी जाते. मग ते स्वतःच हलक्या आवाजात, दोरावरची नजर न काढता बोलू लागले.

त्या दिवशी त्यांना मला खरोखरच मासा दाखवायचा होता. बँकेत त्यांना विचारलं होतं, उत्पन्नाचा पुरावा काय? सातबारा आहे का? सातबारा असतो जमिनीचा. समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर असणार? मग त्यांनी विचार केला, आपलं उत्पन्न साहेबाला दाखवू. रात्रभर वल्हवत खाडीत जागून त्यांनी तो जिताडा धरला. इंजिन असतं तर असे किती धरता येतील, उधाणाच्या चार दिवसांत किती फेऱ्या होतील, ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. “सगला हिसाब पाठ केलेला,” ते म्हणाले. “तू बोलाला टायमच दिला नाय.”

मग? मग काय. त्यांनी इंजिनासाठी मासळीच्या व्यापाऱ्याकडून पैसे उचलले. व्यापारी कागद मागत नाही. तो फक्त एक अट घालतो : पैसे फिटेपर्यंत सगळी मासळी मलाच घालायची, मी सांगीन त्या भावानं. भाव तो सांगणार, वजनही तोच करणार, त्यामुळे पैसे फिटतात कधी तेही तोच ठरवणार. नाखव्यांचे ११ वर्षांनी फिटले. १२ हजारांचे. थोरल्या मुलीची शाळा सातवीनंतर त्यातच सुटली.

हे सारं त्यांनी भरती-ओहोटीची वेळ सांगावी तशा आवाजात सांगितलं. मी बँकेत शिकलेल्या सूत्रानं मनातल्या मनात त्या कर्जाचा व्याजदर काढायला गेलो आणि अर्ध्यात थांबलो. माझ्या शेऱ्यात एकही शब्द खोटा नव्हता. लेखी पुरावा नव्हताच. पुरावा गोणपाटात होता, आणि तो मी चार घरांना ऐकवून परत पाठवला होता. प्रामाणिकपणा दाखवण्याची मला इतकी घाई होती, की समोरचाही प्रामाणिक असू शकेल हे डोक्यातच आलं नाही.

तेवढ्यात मुलाच्या दोराला ओढ लागली. दोन-तीन मिनिटांत त्यानं एक जिताडा होडीत घेतला. दीड-दोन किलोचा, विजेरीच्या उजेडात डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकणारे. गरी काढताना मुलानं ओल्या फडक्यानं त्याचं डोकं धरलं आणि मला कल्ल्यावरचं झाकण दाखवलं. त्याची कड पात्यासारखी धारदार असते, नवख्याचा हात हमखास कापतो.

“यो नर,” नाखवा म्हणाले.

“कशावरून?”

“लहान हाय म्हनून.”

मला ती थट्टा वाटली. पण ते शब्दशः खरं आहे. जिताडा बहुतेक करून आधी नर असतो. तीनचार वर्षांचा झाला की नर म्हणून पिढी वाढवतो. आणखी दोनतीन वर्षांनी, अडीच-तीन फुटांचा होता होता, त्याची मादी होते, आणि पुढचं सगळं आयुष्य ती मादी म्हणूनच जगते. म्हणजे खाडीतला जवळपास प्रत्येक मोठा जिताडा ही मादी. पाच-सहा फूट लांबीच्या आणि ५०-६० किलोंच्या जिताड्यांच्या नोंदी आहेत, त्या अर्थात माद्यांच्या. मोठी मादी एका हंगामात लाखांनी, कधी कोटीच्याही वर अंडी देते. प्रयोगशाळेत हे समजायला शास्त्रज्ञांना बरीच खटपट करावी लागली. नाखव्यांना ते सुरीनं कळलं होतं. पावसाळ्याच्या तोंडावर लहान जिताड्याच्या पोटात त्यांना गाभोळी कधी दिसली नव्हती आणि मोठ्याच्या पोटात ती नाही असं क्वचित झालं होतं.

“मोठी मुद्दल, लहान व्याज,” मी म्हणालो. बँकेतल्या माणसाला एवढंच सुचणार.

“व्याजावर भागलं असतं तर काय पायजे होतं?” मुलगा म्हणाला. पूर्वी एका उधाणात जेवढे जिताडे मिळत, तेवढे आता महिन्यात मिळत नाहीत. कांदळवन तुटलं, खाजणं भरली, नदीचं पाणी बदललं, बारीक आसाच्या जाळ्यांत पिल्लंच येऊ लागली. एक जूनला पावसाळी बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत, पण मोठ्या माद्या त्याआधीच मुखाकडे उतरायला लागलेल्या असतात.

म्हणून त्यानं घराशेजारी तळं केलं आहे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात ही रीत जुनीच. शहापूर-धेरंडकडच्या गावांत घराला लागून तळं असतं. पावसात उघाडीतून आलेली पिल्लं त्यात सोडायची आणि दीड-दोन वर्षांनी लग्नाकार्याला जिताडा घरचाच. आता पिल्लं खाडीत मिळेनात तेव्हा ती विकत आणावी लागतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनं १९९७मध्ये या माशाचं प्रजनन देशात पहिल्यांदा बंदिस्त जागेत करून दाखवलं, तेव्हापासून उबवणीची पिल्लं मिळू लागली. पण ती वाढवणंही सोपं नाही. त्यांना दर थोड्या दिवसांनी आकारानुसार निवडून वेगळं करावं लागतं, नाहीतर मोठं पिल्लू धाकट्या भावाला गिळून मोकळं होतं. या तळ्यासाठी मुलाला बँकेचं कर्ज मिळालं आहे. २०१८-१९पासून मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळू लागलं. त्याच्याकडे सगळे कागद आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तारीखवार लावलेले. “बाबांनी पहिल्यापासून बजावून ठेवलंय,” तो हसून म्हणाला. “मासा दाखवू नको, कागद दाखव.”

मी खाली पाहत राहिलो. नेमक्या त्याच वेळी माझ्या बोटावरचा तंगूस हलला.

आधी नुसतं टकटक. कुणी दारावर नख वाजवावं तसं. मग काहीच नाही. आणि मग असा हिसका बसला की मी होडीत अर्धा उभा राहिलो. खांबापलीकडे पाणी फुटलं आणि तो मासा पूर्ण बाहेर आला. अंधार पडला होता, चंद्र उगवायचा होता, पण पुलावरून जाणाऱ्या गाडीच्या उजेडात मी त्याला पाहिलं : कमरेएवढा, चांदीचा, तोंड वासून डोकं झटकणारा. आदळला तेव्हा होडी हलली.

“दोर दे! दोर दे!” नाखवा ओरडले. बोलायचं नसतं हे तेही विसरले.

मी दोर दिला नाही. आयुष्यात मी कधी हातातलं सहज सोडलेलं नाही. उलट मी दोन वेढे तळहाताला घेतले आणि पाय रोवून ओढू लागलो. तंगूस मांसात रुतला. माशानं पुन्हा एकदा उसळी मारली, खाली गेला आणि खांबाला वळसा घातला. त्या खांबाला भरतीच्या रेषेपर्यंत कालवं चिकटलेली असतात, धारदार, सुऱ्यांच्या रांगेसारखी. एक बारीक आवाज झाला, आणि माझ्या हातात नुसता दोर उरला.

कुणी काही बोलेना. पाणी थबकलं होतं. ओहोटी संपून भरती सुरू व्हायच्या आधी खाडी काही मिनिटं जागच्या जागी उभी राहते, ती वेळ. मुलानं माझा हात विजेरीच्या उजेडात धरला, खाडीच्या पाण्यानं धुतला आणि फडकं बांधलं. माझे डोळे भरून आले. हात दुखत होता, पण कारण ते नव्हतं.

“नाखवा,” मी म्हणालो, “माझी चूक झाली.”

“झाली,” ते म्हणाले. मी आजच्याबद्दल बोलतोय की १९८६बद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. थोडा वेळ गेला, आणि मग ते हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून. “तू एक डाव माजा जिताडा परत केला. आज जिताड्यानं तुला परत केला. फिटला!”

मुलगाही हसला. मीही हसलो, रडत हसलो म्हणा.

“तशी ती जाऊ दे,” ते शांत होत म्हणाले. “पोटुशी होती. पाऊस जवल आला.”

चंद्र उगवला तेव्हा आम्ही परत फिरलो होतो. मुलगा इंजिनाशी, नाखवा पुढं पाण्याकडे तोंड करून. उगवत्या चंद्राच्या उजेडात त्यांच्या पाठीकडे बघताना मी मनात हिशेब मांडत होतो. ११ वर्षं, एका मुलीची शाळा, आणि माझ्या कादंबरीतलं ते टाळ्या घेणारं प्रकरण. फिटलं असं ते म्हणाले. कर्ज फिटलं की नाही हे ऋणकोनं ठरवायचं नसतं, धनकोनं ठरवायचं असतं, हे बँकेतलं पहिलं तत्त्व. म्हणून मी ते मान्य केलं. पण खातं माझ्या बाजूनं मी अजून बंद केलेलं नाही. त्या कादंबरीची नवी आवृत्ती निघायची आहे. ते प्रकरण मी काढणार नाही. त्यातल्या माणसाला त्याचं वाक्य मात्र परत देणार आहे. मी लिहिताना ते गाळलं होतं.

धक्क्यावर उतरलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. नाखव्यांनी होडीतून गोणपाट उचललं, त्यात तो दोन किलोचा नर गुंडाळला, वर बर्फाचा चुरा टाकला आणि माझ्यासमोर धरला. माझा हात सवयीनं खिशाकडे गेला, पाकिटाकडे. त्यांनी नुसतं पाहिलं. हात मागं आला.

“सायेब,” ते म्हणाले, “यो दाखवाला नाय. यो द्याला आनला.”

मी दोन्ही हात पुढं केले.